स्मार्ट टीव्ही ‘जुना’ होतो म्हणजे नेमकं काय होतं? : ‘नियोजित कालबाह्यता’ या चौकटीची तपासणी

पेट निघाली, गाईड मिळाले, आता सिनॉप्सिस लिहायचाय. विषय ग्राहक, माध्यमं किंवा तंत्रज्ञान यांच्या आसपासचा असेल तर तिसऱ्या-चौथ्या पानावर एक शब्द हमखास येतो : नियोजित कालबाह्यता. म्हणजे कंपनी वस्तू मुद्दाम अशी बनवते की ती काही वर्षांनी निकामी व्हावी आणि आपल्याला नवी घ्यावी लागावी. शब्द भारदस्त आहे, अर्थ चटकन पटतो, त्यामुळे त्यावर फारसं कुणी अडवत नाही. माझं म्हणणं असं की निदान एका वस्तूच्या बाबतीत तरी अडवायला हवं. ती वस्तू म्हणजे स्मार्ट टीव्ही.

चार-सहा वर्षांनी स्मार्ट टीव्हीवरची अ‍ॅप्स चालेनाशी होतात, हे आता बऱ्याच घरांना माहीत आहे. यावर संशोधन करायचं तर कोणती सैद्धांतिक चौकट घ्यायची? मी तीन चौकटी तपासतो : नियोजित कालबाह्यता, मालकीचा अंत आणि दुरुस्ती. तिन्ही चांगल्या पुस्तकांतून आणि लेखांतून आलेल्या आहेत. पण चौकट ही भिंतीवर टांगायची तसबीर नव्हे. कुणाच्या मुलाखती घ्यायच्या, कोणते कागद शोधायचे, हे तीच ठरवते. ती चुकली तर दोन-तीन वर्षं चुकीच्या दारात उभं राहावं लागतं.

आधी घटना नीट मांडू

समजा, पारनेर तालुक्यातलं एक घर आहे. थोरला मुलगा मुंबईत नोकरीला. त्याने २०१६ साली हप्त्यांवर स्मार्ट टीव्ही घेतला. पुढे मोठा टीव्ही आला, तेव्हा जुना गावी आई-वडिलांकडे आणून लावला. चित्र छान आहे, आवाज छान आहे, डिश जोडली की सगळे चॅनेल दिसतात. पण यूट्यूबवर कीर्तन लावायला गेलं की अ‍ॅप उघडत नाही. रिमोटवर एका ओटीटीच्या नावाचं लाल बटण आहे, ते दाबलं की स्क्रीन काळी होऊन परत येते. गावातला मेकॅनिक बघतो आणि म्हणतो, “टीव्हीला काही झालं नाही.” खरंच काही झालेलं नसतं.

हे घर काल्पनिक आहे, पण असं होण्यामागची कारणं काल्पनिक नाहीत. चार नोंदी बघा.

एप्रिल २०१५ : यूट्यूबने आपली जुनी एपीआय, म्हणजे दोन प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायची ठरवून दिलेली पद्धत, बंद केली. २०१२ आणि त्याआधीच्या अनेक स्मार्ट टीव्हींवरचं यूट्यूब अ‍ॅप त्यामुळे थांबलं.

१ डिसेंबर २०१९ : नेटफ्लिक्सने सॅमसंग आणि व्हिझिओचे काही जुने टीव्ही आणि रोकूची काही जुनी उपकरणं यांचा सपोर्ट काढून घेतला. कंपनीने कारण दिलं ते ‘तांत्रिक मर्यादा’ एवढंच. बातम्यांनी बोट दाखवलं ते जुन्या डीआरएमकडे, म्हणजे चित्रपटाची चोरी होऊ नये म्हणून लावलेल्या कुलपाच्या जुन्या प्रकाराकडे.

३० सप्टेंबर २०२१ : इंटरनेटवरच्या असंख्य साइट ज्याच्या आधाराने ओळखल्या जात होत्या त्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. समोरची साइट खरी आहे का, हे टीव्ही आत साठवलेल्या अशा प्रमाणपत्रांवरून ताडून बघतो. ज्या उपकरणांना कित्येक वर्षं अपडेट मिळालेलं नव्हतं, त्यांना काही साइट ओळखता येईनात.

मार्च २०२५ : गूगलच्या दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्टवर एकाएकी ‘हे उपकरण विश्वासार्ह नाही’ अशा अर्थाचा संदेश यायला लागला. २०१५ साली आलेल्या या उपकरणातल्या प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. गूगलने काही दिवसांत अपडेट पाठवलं आणि ती परत चालू झाली.

शेवटच्या दोन नोंदी शेजारी-शेजारी ठेवा. बिघाड एकाच जातीचा आहे : प्रमाणपत्राची मुदत संपणं. पण अपडेट मिळणंच थांबलेली उपकरणं तशीच पडून राहिली आणि दुसरीकडे दहा वर्षं जुनं उपकरण आठवड्याभरात उठून बसलं. फरक वस्तूच्या वयाचा नव्हता. पलीकडे काम करणारं कुणी होतं की नव्हतं, याचा होता. हे डोक्यात ठेवा. आता चौकटींकडे वळू.

पहिली चौकट : नियोजित कालबाह्यता

व्हान्स पॅकार्ड यांचं ‘द वेस्ट मेकर्स’ हे १९६० सालचं पुस्तक या विषयात हटकून उद्धृत होतं. त्यात कालबाह्यतेचे तीन प्रकार आहेत. पहिला कार्याचा : जास्त चांगलं काम करणारी वस्तू बाजारात येते. दुसरा गुणवत्तेचा : वस्तू ठरावीक काळात झिजते किंवा मोडते. तिसरा इच्छेचा : वस्तू ठणठणीत असते, पण फॅशन बदलल्यामुळे नकोशी वाटते.

पारनेरच्या घरातला टीव्ही या तीन खणांत बसवून बघा. जास्त चांगला टीव्ही आला म्हणून यूट्यूब थांबलं का? नाही. टीव्ही झिजला का? नाही, डिश लावली की तो चालतोच. घरच्यांना तो नकोसा झाला का? अजिबात नाही. तिन्ही खण रिकामे. म्हणजे ज्या पुस्तकाचा आधार देऊन आपण हा शब्द वापरतो, त्याच पुस्तकातल्या वर्गीकरणात आपली वस्तू मावत नाही. पॅकार्ड यांची ही चूक नाही. त्यांच्या काळात वस्तू दुकानातून घरी आली की कंपनीशी तिचा संबंध जवळजवळ संपत होता. आपला टीव्ही मात्र रोज कुठल्या तरी सर्व्हरला विचारल्याशिवाय निम्मं काम करू शकत नाही.

दुसरी अडचण ‘नियोजित’ या शब्दाची. नियोजन म्हटलं की नियोजन करणारा दाखवावा लागतो. वरच्या नोंदींमध्ये अ‍ॅप कुणी थांबवलं? यूट्यूबने, नेटफ्लिक्सने. पण नेटफ्लिक्स टीव्ही विकत नाही. तुम्ही नवा टीव्ही घेतल्याने त्याला थेट काही मिळत नाही, उलट एक वर्गणीदार जाण्याची भीती. आणि टीव्ही विकणाऱ्या कंपनीचं काय? अमेरिकेतल्या व्हिझिओचे आकडे बघा. २०२१ च्या तिसऱ्या तिमाहीत टीव्ही विकून तिचा ढोबळ नफा सुमारे २.५६ कोटी डॉलर होता. टीव्ही विकल्यानंतर जाहिराती आणि प्रेक्षकांची माहिती वगैरेंतून मिळालेला नफा सुमारे ५.७३ कोटी डॉलर, म्हणजे दुपटीहून जास्त. अशा कंपनीच्या दृष्टीने घरात चालू असलेला प्रत्येक जुना टीव्ही म्हणजे चालू दुकान. ते तिने मुद्दाम बंद का पाडावं?

मुद्दाम बंद पाडल्याचा पुरावा कसा असतो, याचं उदाहरण इतिहासात आहे. १९२४ साली जिनिव्हात बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचा गट केला. बल्बचं आयुष्य हजार तासांवर आणायचं ठरवलं, आणि त्याहून जास्त टिकणारे बल्ब बनवणाऱ्या सदस्याला दंड लावला. पुढे मार्कुस क्रायेव्स्की या अभ्यासकाने ही कहाणी कागदपत्रांच्या आधारे मांडली. ठराव, चाचण्या, दंड, सगळं कागदावर. स्मार्ट टीव्हीबद्दल ‘नियोजित’ म्हणायचं तर तुमच्याकडे या तोडीचे कागद हवेत. ते कंपनीच्या आत असतात आणि नगरमध्ये बसून पीएचडी करणाऱ्याच्या हाती लागण्याची शक्यता नाहीच्या जवळपास.

आता एक गंमत. ‘नियोजित कालबाह्यता’ हे शब्द शीर्षकात असलेली प्रसिद्ध पुस्तिका बर्नार्ड लंडन यांची, १९३२ ची. महामंदीतून बाहेर पडण्यासाठी सरकारनेच प्रत्येक वस्तूचं आयुष्य ठरवून द्यावं आणि ते संपलं की वस्तू कायद्याने ‘मृत’ समजावी, अशी त्यांची सूचना होती. सूचना विचित्रच होती. पण तिच्यात एक गोष्ट होती जी आपल्या टीव्हीच्या खोक्यावर नसते : शेवटची तारीख, आधीच जाहीर केलेली.

याचा अर्थ कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत असा घेऊ नका. कमी मेमरीची स्वस्त चिप घालायची, दरवर्षी नवी मॉडेलं काढायची, जाहिरात ‘स्मार्ट’पणाची करायची आणि मागच्या मॉडेलांकडे बघायला माणसं ठेवायची नाहीत, हे ठरवून घेतलेले निर्णयच आहेत. पण त्याला कट म्हणणं वेगळं आणि हयगय म्हणणं वेगळं. कट सिद्ध करायला आतले कागद लागतात. हयगय सिद्ध करायला बाहेर दिसणाऱ्या नोंदी पुरतात : कोणत्या मॉडेलला शेवटचं अपडेट कधी मिळालं, ते दुकानात कधीपर्यंत विकलं जात होतं. संशोधक म्हणून तुम्हाला दुसरी वाट झेपणारी आहे.

दुसरी चौकट : मालकीचा अंत

आरॉन पर्झानोव्स्की आणि जेसन शुल्ट्झ यांचं ‘द एंड ऑफ ओनरशिप’ २०१६ साली आलं. म्हणणं थोडक्यात असं : डिजिटल काळात आपण ‘विकत घेतो’ म्हणतो, पण खरं तर फक्त वापरायचा परवाना मिळतो, आणि परवाना देणारा तो परत घेऊ शकतो. २००९ साली अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेल यांची पुस्तकं परस्पर काढून टाकली, हे या युक्तिवादाचं गाजलेलं उदाहरण.

ही चौकट पहिलीपेक्षा जवळ येते, कारण इथे विक्रीनंतरचं नातं दिसतं. तरी दोन ठिकाणी ती अपुरी पडते.

एक, किंडलमधून पुस्तक नेलं गेलं. आपल्या टीव्हीतून बहुतेक वेळा कुणी काही नेत नाही. अ‍ॅपचं चित्र स्क्रीनवर तसंच असतं, रिमोटवरचं बटण तसंच असतं. समोरच्याने उत्तर देणं बंद केलेलं असतं. हिरावून घेणं आणि सांभाळणं सोडणं, या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिलीला कर्ता आणि तारीख सापडते. दुसरीत बऱ्याचदा दोन्ही सापडत नाहीत.

दोन, ही चौकट परवान्याच्या मजकुराभोवती फिरते : लांबलचक अटी, त्याखालचं ‘मान्य’ हे बटण. आपल्याकडे टीव्हीची विक्री मजकुरावर होत नाही, ती काउंटरवर तोंडी होते. “यात सगळी अ‍ॅप चालतात” हे वाक्य दुकानदार बोलतो, कंपनी लिहून देत नाही. सणासुदीला हप्त्यांवर टीव्ही घेणाऱ्या माणसाच्या दृष्टीने करार म्हणजे ते वाक्य, खोक्यावरची अ‍ॅपची चित्रं आणि रिमोटवरची बटणं. परवान्याचं कलम वाचून हा व्यवहार कळणार नाही, त्यासाठी काउंटरशी उभं राहावं लागेल. परदेशी चौकट उचलताना ही काळजी घ्यायची असते. सिद्धांत चुकीचा नसतो, पण ज्या व्यवहारातून तो निघाला तो व्यवहारच आपल्याकडे निराळा असू शकतो.

तिसरी चौकट : दुरुस्ती

स्टीव्हन जॅक्सन यांचा ‘रीथिंकिंग रिपेअर’ हा २०१४ चा लेख अवश्य वाचा. तंत्रज्ञानाचा अभ्यास नेहमी नव्या शोधापासून सुरू होतो. तो मोडतोडीपासून आणि सांभाळण्यापासून सुरू केला तर काय दिसेल, असं ते विचारतात. बांगलादेशातल्या जहाजतोडणीचं उदाहरण त्यांनी घेतलंय, त्यामुळे आपल्याला ते परकं वाटत नाही.

तीनपैकी ही चौकट मला सगळ्यात उपयोगी वाटते, म्हणून तिच्यावरचा आक्षेपही नीट सांगतो. दुरुस्तीच्या अभ्यासात एक नायक ठरलेला असतो : स्थानिक मेकॅनिक, ज्याच्या हातात जादू आहे. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीबाबत ते खरंच होतं. एलओटी बदलणं, ड्राय सोल्डर शोधणं, वेळ पडली तर दुसऱ्या कंपनीचा पार्ट बसवणं, हे तालुक्याच्या गावी होत होतं. आजही बॅकलाइटची पट्टी तो बदलून देतो. पण बंद झालेली एपीआय तो चालू करू शकत नाही. डीआरएमचं कुलूप त्याला उघडता येत नाही, आणि उघडायला गेला तर अ‍ॅपच त्या टीव्हीला नाकारेल. इथे कौशल्य कमी पडत नाही. ज्या जागी बिघाड झालाय ती जागाच दुकानात नाही.

मग तो काय सांगतो? “एक स्टिक घ्या आणि मागे लावा.” हा सल्ला चांगला आहे. टीव्हीच्या मागे एचडीएमआय नावाचं सर्वमान्य छिद्र आहे म्हणून तो शक्य होतो. पण याला ‘जुगाड’ म्हणून कौतुक करायच्या आधी थांबा. स्टिक म्हणजे आणखी एक छोटा संगणक, आणखी एक कंपनी, आणखी एक न सांगितलेली मुदत. क्रोमकास्टचं उदाहरण वर आलंच आहे. दुरुस्ती झालेली नसते, अवलंबून राहायचा खांदा फक्त बदललेला असतो. तुमच्या प्रबंधात या दोन गोष्टींत फरक दिसला पाहिजे.

जवळचा जुना दाखला

तिन्ही चौकटींना जे निसटतंय ते पकडायला आपल्याच भागातली एक तुलना घेऊ. शेवगाव ओलांडलं की पैठण तालुका लागतो. तिथल्या चितेगावात व्हिडिओकॉनचा कारखाना होता. एकेकाळी मराठवाड्यात आणि नगर जिल्ह्यात या कंपनीचे रंगीत टीव्ही घरोघरी दिसायचे. कंपनी कर्जात बुडाली, २०१८ साली दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. पण कंपनी बुडाली म्हणून तिच्या टीव्हीवरचं चित्र गेलं नाही. कारण चित्र येण्यासाठी त्या टीव्हीला कंपनीची गरजच नव्हती. सिग्नल कसा असावा याचं मानक सार्वजनिक होतं, सगळ्यांसाठी एकच होतं. आज उलटं चित्र दिसतं. कंपनी जोरात चाललेली, आणि तिचा सात वर्षांचा टीव्ही निम्मा मुका.

बरं, सार्वजनिक मानकही कायम राहत नाही. केबलचं डिजिटायझेशन आठवा. २०११ साली कायदा दुरुस्त झाला आणि देशभरासाठी चार टप्पे जाहीर झाले. पुणे, नाशिक, सोलापूर, औरंगाबाद दुसऱ्या टप्प्यात, मार्च २०१३ ला. नगरसारखी उरलेली शहरं तिसऱ्या टप्प्यात, ३१ डिसेंबर २०१५ ला. गावं चौथ्या टप्प्यात, ज्याची मुदत वाढून मार्च २०१७ झाली. वाद झाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, तारखा पुढे गेल्या. सेट-टॉप बॉक्सचे पैसे शेवटी ग्राहकानेच भरले, हेही विसरू नका. पण तारीख आधी माहीत होती, ती कुणी ठरवली हे माहीत होतं, आणि एक डबा जोडला की वीस वर्षांचा टीव्हीही चालत होता.

वस्तू जुनी पडते ती दोन्हीकडे. एकीकडे मात्र जाहीर तारीख, जबाबदार माणूस आणि पुढची सोय, असं तिन्ही होतं. दुसरीकडे यातलं काहीच नाही. मला वाटतं, संशोधनाचा प्रश्न इथे आहे. ‘कंपनीने मुद्दाम केलं का’ हे विचारण्याऐवजी विचारा : वचन काय दिलं होतं, किती वर्षांचं, आणि कुणी?

वचनाच्या मागावर

हा प्रश्न घेतला की लगेच वाचायला कागद सापडतात. सॅमसंगने २०२४ मध्ये आपल्या टायझेन टीव्हींना सात वर्षांपर्यंत ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती देऊ असं जाहीर केलं. एलजीने पाच वर्षांत चार आवृत्त्यांचं आश्वासन दिलंय. चांगलंय, पण बारकाईने वाचा : हे वचन सिस्टिमचं आहे, अ‍ॅपचं नाही. उद्या एखाद्या ओटीटीने त्या आवृत्तीसाठी अ‍ॅप बनवणं थांबवलं तर टीव्ही कंपनीने वचन मोडलं असं म्हणता येणार नाही.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून एक कायदा लागू आहे. इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या वस्तू विकताना किमान किती काळ सुरक्षा-अपडेट मिळतील हे सांगावंच लागतं. इथेही तोच बारकावा आहे : सुरक्षा-अपडेट म्हणजे अ‍ॅप चालू राहण्याची हमी नव्हे.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ यावर समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. पोर्टलचा भर सुटे भाग, माहितीपुस्तिका, सर्व्हिस सेंटर यांवर आहे. नंतर आलेल्या दुरुस्ती-निर्देशांकाच्या चौकटीत सॉफ्टवेअर अपडेट हा निकष आला, पण सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून. सुटा भाग मिळाला तर बॅकलाइट गेलेला टीव्ही वाचेल. पारनेरच्या टीव्हीला कोणता सुटा भाग हवाय?

आणखी एक दस्तऐवज बघा. अँड्रॉइड टीव्हीबाबत भारतीय स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये गूगलची चौकशी लावली होती. एप्रिल २०२५ मध्ये तडजोड झाली, गूगलने सुमारे २०.२४ कोटी रुपये भरले आणि भारतात टीव्ही कंपन्यांना प्ले स्टोअर वगैरे वेगळं, स्वतंत्र परवान्याने द्यायचं कबूल केलं. टीव्ही बनवणाऱ्याचे हात कोणत्या करारांनी बांधलेले असतात हे या प्रकरणाच्या आदेशांतून कळतं. ‘कंपनी’ हा एकच शब्द वापरून भागत नाही, त्यामागे किती पक्ष आहेत हे दाखवायला हे कागद कामाला येतील.

आणि कायद्याचा एक खराखुरा पेच. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगाकडे जावं लागतं. टीव्ही २०१६ ला घेतला, अ‍ॅप २०२२ ला थांबलं. कारण घडलं कधी? खरेदीच्या दिवशी, कारण मुदत लपवली? की अ‍ॅप थांबलं त्या दिवशी? वचनच लिहिलेलं नसेल तर मोडलं काय? विधी शाखेच्या कुणालाही यावर एक अख्खं प्रकरण लिहिता येईल.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

हा विषय घेणार असाल, किंवा याच जातीचा दुसरा, तर काही कामाच्या गोष्टी सांगतो.

एकक बदला. ‘टीव्ही’ हे एकक धरू नका, ‘एका टीव्हीवरचं एक अ‍ॅप’ हे धरा. एकाच टीव्हीवर एक अ‍ॅप चालतं आणि दुसरं थांबतं. ते का, यातच माहिती दडलेली आहे.

स्क्रीनवर नेमकं काय लिहून आलं ते शब्दशः टिपा, जमल्यास फोटो काढा. ‘हे उपकरण आता चालणार नाही’ आणि ‘सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही’ हे दोन वेगळे आजार आहेत. दुसऱ्या प्रकारात आधी टीव्हीतली तारीख आणि वेळ तपासा. लाइट गेल्यानंतर काही टीव्हींचं घड्याळ मागे जातं. घड्याळ चुकलं की प्रमाणपत्रही चुकीचं ठरतं आणि अ‍ॅप उघडत नाही. ही केस सपोर्ट गेल्याची नाही, दोन मिनिटांत सुटणारी आहे. ती वगळली नाहीत तर तुमची आकडेवारी फुगेल आणि व्हायव्हाला कुणी तरी नेमकं तेच विचारेल.

पहिल्या खरेदीदारावर थांबू नका. टीव्ही शहरातल्या घरातून गावाकडच्या घरात जातो. म्हणजे सपोर्ट संपण्याचा भार ज्याने टीव्ही निवडलाच नव्हता अशा माणसावर पडतो का? हे मी गृहीतक म्हणून मांडतोय, निष्कर्ष म्हणून नाही. पारनेर, अकोले, संगमनेरसारख्या मुंबई-पुण्याशी जोडलेल्या तालुक्यांत ते तपासता येईल. ऑनलाइन फॉर्म पाठवून मात्र तपासता येणार नाही, कारण ज्यांच्याकडे तो टीव्ही आहे त्यांच्यापर्यंत तुमचा फॉर्म पोचणारच नाही. घरी जावं लागेल.

तीन ठिकाणी बसा : विक्रीचा काउंटर, दुरुस्तीचं दुकान आणि घर. पहिल्या ठिकाणी वचन ऐकू येतं, दुसऱ्या ठिकाणी बिघाडाचं नाव कळतं, तिसऱ्या ठिकाणी खर्च. मुलाखतीत ‘कंपनीने मुद्दाम केलं असं वाटतं का?’ हा प्रश्न विचारू नका. सगळे ‘हो’ म्हणतील आणि तुम्हाला त्यातून काहीच कळणार नाही. ‘घेताना काय सांगितलं होतं?’ हे विचारा.

शेवटी, नियोजित कालबाह्यता हा शब्द फेकून द्या असं मी म्हणत नाही. जिथे फीबससारखे कागद हाती आहेत तिथे तो जरूर वापरा. पण स्मार्ट टीव्हीच्या बाबतीत तो एक खलनायक हातात देतो आणि शोध तिथेच थांबवतो. टीव्ही बनवणारा म्हणतो अ‍ॅपवाल्याला विचारा, अ‍ॅपवाला म्हणतो टीव्हीवाल्याला विचारा, दुकानदार म्हणतो वॉरंटी संपली. या तिघांपैकी प्रत्येकजण आपापल्या जागी खरं बोलतोय, आणि तरी घरातल्या माणसाचं नुकसान झालेलं आहे. असं नुकसान मोजायचं कसं आणि कुणाच्या नावावर लिहायचं कसं, याची पद्धत कुणी तरी बसवायला हवी. सिनॉप्सिसच्या ‘संशोधनाची गरज’ या मथळ्याखाली लिहायला एवढं पुरेसं आहे.